फोन वाजला की छातीत धस्स होते?



मागच्या वर्षावासात एका रविवारी आम्ही आरोग्य पानाची मंडळी एका वस्तीतल्या विहारात गेलो होतो. विषय ठरला होता अंगातले रक्त वाढवण्याचा. हिरव्या भाज्या, गूळ-शेंगदाणे, लोहाच्या गोळ्या, असे सगळे सांगायचे होते. वंदना झाली, बोलणे सुरू झाले. तेवढ्यात मागे बसलेल्या एका ताईंचा फोन वाजला. त्यांनी नंबर पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. फोन उलटा करून त्यांनी पदराखाली दाबला. तो थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला.

"कोणाचा गं?" शेजारच्या मावशींनी विचारले.

"काय माहीत मावशी. दोन महिने झाले. उचलला की बोलतच नाही, नुसता श्वास घेतो. कधी कधी लई घाण बोलतो."

"घरात सांगितलंस का?"

"कसं सांगू? पहिला सवाल माझ्यावरच येईल, नंबर कोणाला दिला म्हणून."

या ताईंना बीपी आहे. दोन महिन्यांत बीपी वर गेले म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवली होती. झोप लागते का, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा "लागत नाही" एवढेच त्या म्हणाल्या. का लागत नाही, ते सांगितले नाही. आम्ही बाकीच्या महिलांना विचारले, असे फोन आणखी कोणाला येतात? आधी कोणी बोलेना. मग एक हात वर झाला, मग दुसरा. शेवटी निम्म्याहून जास्त हात वर होते. रक्ताचा विषय त्या दिवशी बाजूला राहिला. तेव्हा जे बोलणे झाले आणि नंतर आम्ही जी माहिती गोळा केली, ती या अंकात देत आहोत.

फोनचा विषय आरोग्याच्या पानावर कशाला, असे कोणी विचारेल. तर आधी तेच पाहू.

शरीरावर काय होते

अचानक भीती वाटली की आपले शरीर पळण्याची किंवा लढण्याची तयारी करते. हृदयाचे ठोके वाढतात, बीपी वर जाते, तळहाताला घाम येतो, पोटात गोळा येतो. धोका टळला की शरीर पुन्हा शांत होते. ही निसर्गाची सोय आहे आणि ती चांगलीच आहे. पण रोज दहा वेळा, रात्री-अपरात्री फोन वाजू लागला तर शरीराला शांत व्हायला वेळच मिळत नाही. फोन बंद असला तरी कान तिकडेच लागलेले असतात. मग झोप मोडते. डोके जड होते, पित्त होते, भूक मरते, लेकरांवर विनाकारण ओरडले जाते. ज्यांना आधीच बीपी किंवा शुगर आहे, त्यांचा आजार आटोक्यात राहत नाही. गरोदर बाईला विश्रांती मिळत नाही. शाळा-कॉलेजातल्या मुलीचे अभ्यासातले लक्ष उडते.

म्हणून सांगणे हे, की झोप उडाली, धडधड होते, बीपी वाढले, तर डॉक्टरांना फोनची गोष्टही सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. नाहीतर गोळ्या वाढत जातात आणि दुखण्याचे मूळ तसेच राहते.

आपला नंबर जातो कुठून

"मी तर कोणालाच नंबर देत नाही," असे जवळजवळ प्रत्येक बाई म्हणते. पण नंबर अनेक वाटांनी जातो. रिचार्जच्या दुकानातल्या वहीत आपण तो मोठ्याने सांगून लिहितो. नोकरीच्या अर्जावर, बचत गटाच्या यादीत, लग्नपत्रिकेवर, जयंतीच्या पावतीपुस्तकात, शंभर-दोनशे माणसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तो असतो. मोबाईलमध्ये घेतलेले एखादे ॲप आपली सगळी नंबरयादी उचलून नेते.

उत्तर प्रदेशात २०१७ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांतून एक प्रकार उघड झाला. काही रिचार्ज दुकानदार मुलींचे नंबर विकत होते. मुलगी दिसायला कशी आहे त्यावर भाव ठरत होता, ५० रुपयांपासून ५०० रुपयांपर्यंत. त्या राज्यात महिलांसाठी १०९० ही पोलीस हेल्पलाईन नोव्हेंबर २०१२ पासून चालू आहे, आणि तिथे येणाऱ्या बहुतेक तक्रारी फोनवरच्या त्रासाच्याच असत. तिथली पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. तक्रार महिला पोलीस ऐकून घेते, बाईचे नाव गुप्त राहते, तिला ठाण्यात बोलावत नाहीत, आणि फोन करणाऱ्याला पोलीस आधी समज देतात. पुष्कळ जण तेवढ्यानेच थांबतात. कारण अशा माणसाचे सगळे धाडस "मी कोण ते कळणार नाही" या भरवशावर असते.

म्हणून मुलीच्या फोनचा रिचार्ज घरातूनच, घरातल्या कोणाच्या तरी फोनवरून करावा. ते जमत नसेल तर घरातल्या मोठ्या माणसाने दुकानात जाऊन करावा. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर मुलीचा नंबर छापू नये. ग्रुपवर नवा माणूस घेताना ग्रुप चालवणाऱ्याने विचारून घ्यावे.

आणखी एक गोष्ट. नवे सिम घेतले की पहिल्या दिवसापासून परक्या माणसांचे फोन येतात, असे काही जण सांगतात. बंद पडलेला नंबर कंपनी ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देऊ शकते. तेव्हा ते फोन जुन्या मालकासाठी असू शकतात. "हा नंबर आता दुसऱ्याकडे आहे," एवढे सांगावे. आपले नाव, गाव सांगू नये.

फोन कोणत्या जातीचा, ते आधी ओळखा

सगळ्या नकोशा फोनांवर एकच औषध चालत नाही. आम्ही त्यांचे चार भाग केले आहेत.

पहिला भाग जाहिरातीच्या फोनांचा. कर्ज घ्या, विमा घ्या, प्लॉट घ्या. हे त्रासदायक आहेत, पण घाबरण्यासारखे नाहीत. यासाठी १९०९ हा नंबर आहे. त्यावर फोन करून किंवा मेसेज पाठवून जाहिराती बंद करता येतात. मेसेज असा: इंग्रजीत 'स्टार्ट' हा शब्द लिहा, एक जागा सोडा, पुढे शून्य लिहा आणि १९०९ वर पाठवा. साध्या बटणाच्या फोनवरूनही हे होते. त्यानंतरही जाहिरातीचा फोन आला तर १९०९ वरच तक्रार करता येते. आधी तक्रारीला तीन दिवसांची मुदत होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ती सात दिवस केली.

दुसरा भाग लुबाडणाऱ्यांचा. "बँकेतून बोलतोय, केवायसी संपली." "लाडकी बहीणचा हप्ता अडकलाय, ओटीपी सांगा." "मुलाची शिष्यवृत्ती मंजूर झाली, आधी फी भरा." "दोन तासांत तुमचा नंबर बंद होणार." मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने लोकांना सावध केले होते की, +९२ ने सुरू होणाऱ्या परदेशी नंबरांवरून, विभागाचे नाव सांगून व्हॉट्सॲपवर असे धमकीचे फोन येत आहेत. कोणी पोलिसाच्या वेषात व्हिडिओ कॉल करून "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केले आहे" म्हणतो. फोनवर अटक होत नाही. असली अटक कोणत्याही कायद्यात नाही. ओटीपी बँक मागत नाही, सरकार मागत नाही, मास्तर मागत नाही. फोन ठेवून द्या. पैसे गेलेच, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच क्षणी १९३० ला फोन करा. जेवढ्या लवकर कळवाल तेवढी रक्कम वाटेतच अडवता येण्याची शक्यता जास्त. पैसे गेले नसतील, पण फोन संशयाचा वाटला, तर 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर किंवा ॲपवर 'चक्षू' नावाची सोय आहे, तिथे तो नंबर कळवता येतो. ही सोय मार्च २०२४ पासून आहे. त्याच 'संचार साथी'वर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत, तेही दिसते. आपले नसलेले सिम दिसले तर तिथूनच कळवा.

तिसरा भाग हप्ते वसूल करणाऱ्यांचा. त्यावर पुढे वेगळे लिहिले आहे.

चौथा भाग सगळ्यात वाईट: मुद्दाम छळणाऱ्या माणसाचा. गप्प राहणारा, घाण बोलणारा, "तुझा फोटो आहे माझ्याकडे" म्हणणारा, जातीवरून बोलणारा, जिवे मारीन म्हणणारा. इथे १९०९ चा काही उपयोग नाही. त्या ताईंचा भाऊ याच कामासाठी दोनदा १९०९ ला मेसेज पाठवून बसला होता. फोन थांबले नाहीत, तेव्हा "सरकार काही करत नाही" म्हणून त्याने सोडून दिले. दार चुकले होते, एवढेच.

छळणारा फोन आला तर

१. पहिल्यांदा एकदाच, स्पष्ट शब्दांत सांगा: "मला फोन करू नका. पुन्हा केला तर पोलिसांत तक्रार करीन." शक्य असेल तर हेच मेसेजने पाठवा. याला कारण आहे. बाईने नको असे स्पष्ट दाखवूनही पुन्हा पुन्हा संपर्क करणे, हा कायद्याने पाठलागाचा गुन्हा आहे. आपला तो एक मेसेज उद्या पुरावा होतो.

२. त्यानंतर एक शब्दही बोलू नका. शिव्या देऊ नका, रडू नका, "कोण आहेस, सांग ना" म्हणून विनवू नका. त्याला तेच हवे असते. फोन वाजला तर वाजू द्या.

३. घरातल्या पुरुषाने फोन घेऊन उलट शिव्या देण्याचा मोह आवरावा. त्या माणसाला खेळ मिळतो, आणि आपली धमकी त्याच्याकडे पुरावा म्हणून राहते.

४. वहीचे एक पान घ्या. तारीख, वेळ, नंबर, किती मिनिटे, काय बोलला, असे लिहीत जा. शब्द घाण असले तरी जसेच्या तसे लिहा. लिहायला जमत नसेल तर शाळेतल्या मुलाकडून तारीख-वेळ लिहून घ्या आणि बोलण्याचा भाग विश्वासातल्या बाईला सांगा.

५. कॉल यादीचा, मेसेजचा फोटो काढून ठेवा. फोनमध्ये आवाज रेकॉर्ड होत असेल तर करा. नसेल तर स्पीकर लावून दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करा. मेसेज पुसू नका, फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. मूळ फोन हाच मुख्य पुरावा असतो.

६. पुरावा जपला की मग नंबर ब्लॉक करा. बहुतेक जण आधी सगळे पुसतात, मग ब्लॉक करतात, आणि ठाण्यात रिकाम्या हाताने जातात. क्रम उलटा ठेवा. साध्या फोनमध्येही बहुधा सेटिंगमध्ये ब्लॅकलिस्टची सोय असते. व्हॉट्सॲपवर सेटिंगमध्ये प्रायव्हसी, त्यात कॉल्स उघडा. तिथे अनोळखी लोकांचे कॉल वाजू न देण्याची सोय आहे. ती जून २०२३ मध्ये आली.

७. रात्री फोन उशाशी ठेवू नका. बहुतेक स्मार्टफोनमध्ये घरच्यांचे तीन-चार नंबर सोडून बाकी सगळे गप्प ठेवता येतात. पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या लेकाचा फोन येईल म्हणून आई फोन बंद करत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तेवढा एक नंबर वाजू द्यावा, बाकीचे झोपू द्यावेत.

"नंबर दिसतच नाही, प्रायव्हेट नंबर येतो, मग कसे शोधणार?" असे विहारात एकीने विचारले. आपल्याला दिसत नसला तरी कंपनीच्या नोंदीत तो असतो. अशा नोंदी कंपन्यांना निदान दोन वर्षे जपून ठेवाव्या लागतात. पोलीस त्या मागवू शकतात. आपण फक्त तारीख आणि वेळ बरोबर सांगितली पाहिजे. म्हणून ते वहीचे पान मोलाचे.

पोलिसांकडे जाताना

आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात जा. परभणीच्या सायबर पोलिसांकडेही जाता येते. गंगाखेडची, जिंतूरची, पालमची बाई असेल तर तिने परभणीपर्यंतच गेले पाहिजे, असे मुळीच नाही. हद्द कोणाची हा प्रश्न पुढे करून कोणी परत पाठवले, तर 'झिरो एफआयआर' हा शब्द उच्चारा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत कोणत्याही ठाण्यात तक्रार नोंदवण्याची तरतूद आहे. पाठलागाची किंवा अश्लील बोलण्याची तक्रार बाई स्वतः देत असेल तर ती महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते. एकटे जाऊ नका. महिला मंडळाच्या दोघी-तिघी बरोबर असल्या की बोलणाऱ्याचा आवाज स्थिर राहतो.

कलमे तोंडपाठ करायची गरज नाही. पण माहीत असावीत म्हणून देतो. भारतीय न्याय संहितेत कलम ७८ पाठलागाचे आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत कैद. कलम ७९ बाईची लज्जा दुखावणाऱ्या शब्दांचे आणि हावभावांचे आहे. कलम ३५१ धमकीचे. त्यात नाव लपवून धमकी दिली तर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत जादा शिक्षा आहे. म्हणजे निनावी असणे ही त्या माणसाची ढाल नाही, उलट त्याचा गुन्हा वाढवणारी गोष्ट आहे. मुलगी १८ वर्षांच्या आतली असेल तर पोक्सो कायदा लागतो. वाईट हेतूने लहान मुलाशी फोनवरून किंवा इंटरनेटवरून वारंवार संपर्क करणे हाही त्या कायद्यात लैंगिक छळ आहे.

अॅट्रॉसिटी कायद्याबद्दल आम्हाला नेहमी विचारतात. जातीवाचक शिवीगाळीच्या कलमात "लोकांच्या नजरेसमोर" अशी अट आहे. त्यामुळे दोघांतच झालेल्या फोनवरच्या बोलण्याला ते कलम लावताना अडचण येते. पण तेवढ्याने कायदा संपत नाही. अनुसूचित जातीच्या बाईला उद्देशून, ती त्या जातीची आहे हे माहीत असून, लैंगिक स्वरूपाचे शब्द वापरणे हा त्या कायद्यात वेगळा गुन्हा आहे, आणि त्याला ती अट नाही. पाठलाग आणि धमकी हे गुन्हेही या कायद्याच्या परिशिष्टात आहेत. आपण बौद्ध, मग हा कायदा आपल्याला लागतो का, अशी शंका काही जण काढतात. लागतो. १९९० मध्ये अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झालेला आहे. तक्रार देताना जातीचा दाखला बरोबर ठेवा, आणि जे घडले तेवढेच सांगा. वाढवून सांगितलेली एक गोष्ट खऱ्या दहा गोष्टींना कमकुवत करते. या कायद्यासाठी १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाईन आहे.

वकिलाचा खर्च कोण करणार, ही भीती नको. महिलांना आणि अनुसूचित जातीच्या माणसांना, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. परभणीच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. फोनवर विचारायचे असेल तर १५१००.

हप्त्याचे फोन

कापूस वेचणी संपली, ऊसतोडीला गेलेली माणसे परतली नाहीत, घरात पैसा नाही, आणि फोन मात्र रोज वाजतो, हा अनुभव वस्तीला नवा नाही. कर्ज घेतले म्हणजे बोलणी खाण्याचा करार केला, असे होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे महिला गटांना मिळते तसल्या सूक्ष्म कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करणे बसत नाही. बँकांच्या इतर कर्जांसाठी ही वेळ सकाळी ८ ते संध्याकाळी ७ आहे. शिवीगाळ, धमकी, नातेवाईकांना फोन करून बदनामी, हे कोणत्याच वेळी चालत नाही. आधी त्या बँकेकडे किंवा संस्थेकडेच लेखी तक्रार द्या, पोच घ्या. महिनाभरात दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेकडे जाता येते. त्याची माहिती १४४४८ वर मिळते.

मोबाईलवरून झटपट कर्ज देणाऱ्या अनधिकृत ॲपपासून तर लांबच राहा. ते कर्ज देताना आपली नंबरयादी आणि फोटो काढून घेतात. मे २०२२ मध्ये मुंबईच्या मालाड भागातल्या एका ३८ वर्षांच्या माणसाचे घर असे उद्ध्वस्त झाले. त्याने कर्ज घेतलेच नव्हते, असे घरच्यांचे म्हणणे होते. पण त्याचे बनावट फोटो ओळखीच्या लोकांना पाठवले गेले, फोन थांबेनात, आणि अखेर तो माणूस जिवाला मुकला. फोटो खोटे होते. ते पाहणाऱ्या प्रत्येकाने "हे खोटे आहे, तू काळजी करू नकोस" एवढे त्याला कळवले असते तर त्याला धीर मिळाला असता. आपल्या फोनवर ओळखीच्या माणसाचा असा फोटो आला तर तो पुढे पाठवू नका. त्या माणसाच्या घरी जाऊन बसा.

मुलीचा फोन काढून घेऊ नका

आता सगळ्यात महत्त्वाचे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला घाण फोन येऊ लागले, हे कळल्यावर घरात काय होते? फोन काढून घेतला जातो. मग क्लास बंद. मग कॉलेजला जाणे बंद. मग "आता वेळ नको" म्हणून स्थळ पाहणे सुरू. गुन्हा कोणीतरी करतो आणि शिक्षा आपल्या मुलीला होते.

ही आमची कल्पना नव्हे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांच्या आत झालेले आढळले. राज्याची सरासरी जवळपास २२ टक्के असताना आपला जिल्हा सगळ्यांत पुढे होता. यामागे गरिबी आहे, ऊसतोडीसाठीचे स्थलांतर आहे, शाळा लांब असणे आहे. पण मुलीच्या अब्रूची भीती हेही त्यातले मोठे कारण आहे, आणि आज ती भीती फोनच्या वाटेने घरात शिरते. कोवळ्या वयातले बाळंतपण, अंगात रक्त नसणे, कमी वजनाचे मूल, हे सगळे आम्ही याच पानावर दर अंकात लिहितो. त्याची सुरुवात कधी कधी एका न थांबणाऱ्या फोनपासून होते.

म्हणून आई-वडिलांना, मोठ्या भावांना हात जोडून सांगतो: मुलगी येऊन सांगते, याचा अर्थ तिचा तुमच्यावर भरवसा आहे. पहिले वाक्य "नंबर कोणाला दिलास?" हे नको. पहिले वाक्य "बरे झाले सांगितलेस" हे असू द्या. दुसरे, "यात तुझी चूक नाही." तिच्या हातातून नंबर गेला असेल, चार दिवस ती कोणाशी बोललीही असेल, तरीही घाण बोलण्याचा, धमकावण्याचा हक्क त्या माणसाला मिळत नाही. फोन तिच्याकडेच राहू द्या. त्यात तिचे वर्ग आहेत, परीक्षेच्या सूचना आहेत, शिष्यवृत्तीचा अर्ज आहे, आणि अडचणीत तुम्हाला हाक मारायची सोय आहे.

आणि एक कडू गोष्ट. असे फोन नेहमी बाहेरचाच माणूस करतो, असे नाही. चौकात बसलेली आपलीच चार पोरे "गंमत" म्हणून कुठला तरी नंबर लावतात. फोन उचलणारी कोणाची तरी बहीण असते. त्यांना ते शब्द मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे गंमत किती उरते ते कळेल. पंचशीलात वाचेचा संयम आपण रोज म्हणतो. तो फोनवरच्या वाचेलाही लागू आहे.

मन फार खचले तर

भीती वाटते तेव्हा एक साधा उपाय करा. पाय जमिनीला टेकवून बसा. नाकाने सावकाश श्वास घ्या आणि घेतला त्याहून जास्त वेळ लावून सोडा. दहा वेळा. आनापान करणाऱ्यांना हे नवे नाही. याने धडधड कमी होते. फोन करणारा थांबत नाही, पण आपले डोके ठिकाणावर येते आणि पुढचे काम करता येते.

दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण नाही, सारखे रडू येते, कशात जीव रमत नाही, असे असेल तर ते दुखणे आहे, आणि त्यावर उपचार आहे. १४४१६ हा 'टेलिमानस'चा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फुकट आहे, रात्रंदिवस आहे, मराठीत बोलता येते. परभणीच्या जिल्हा रुग्णालयातही मनाच्या दुखण्यावर डॉक्टरांना दाखवता येते. "जगून काय करू" असे कोणी बोलले तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्या माणसाला एकटे सोडू नका, जवळ बसा, आणि त्याच्यासमोरच हा नंबर लावा.

त्या ताईंचे पुढे काय झाले, असे आम्हाला विचारतात. दुसऱ्या रविवारी महिला मंडळाच्या तिघी त्यांच्या घरी गेल्या. नवऱ्यापाशी त्यांनीच विषय काढला. तो आधी गप्प बसला, मग म्हणाला, "मला वाटलं, तुझं माझ्यावर काही चिडलंय म्हणून झोपत नाहीस." ताईंनी एक मेसेज पाठवला, पंधरा दिवस पान भरले आणि ते घेऊन ठाण्यात गेल्या. फोन करणारा निघाला नात्यातल्या एका लग्नात नंबर मिळालेला, दूरच्या ओळखीचा माणूस. समज मिळाल्यावर तो थांबला. बीपीची गोळी अजून चालू आहे, डॉक्टर म्हणतात इतक्यात कमी करायची नाही. पण रात्री झोप लागते. परवा आम्ही विहारात होतो तेव्हा त्यांचा फोन वाजला. त्यांनी सरळ उचलला आणि म्हणाल्या, "बोल बेटा, जेवलास का?"

हे कापून भिंतीला लावा

१९०९: जाहिरातीचे फोन बंद करण्यासाठी
१९३०: फोनवरून पैसे लुबाडले तर, लगेच
११२: तातडीची पोलीस मदत
१८१: महिलांसाठी मदत
१०९८: मुलांसाठी मदत, बालविवाह थांबवण्यासाठीही
१४५६६: अत्याचार प्रतिबंधक कायद्याची हेल्पलाईन
१५१००: मोफत कायदेशीर मदत
१४४४८: बँकेच्या, कर्जाच्या तक्रारीची माहिती
१४४१६: मनाच्या दुखण्यासाठी, टेलिमानस